भूल किती तास टिकेल? एका ठाम समजुतीचा प्रतिवाद

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींत पत्र्याचे सुटे भाग घडवणारे जे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत, त्यांत पॉवर प्रेसच्या डायखाली बोटे सापडणे हा अपघाताचा जुना आणि परिचित प्रकार आहे, आणि अशा चिरडलेल्या हाताची शस्त्रक्रिया करताना रुग्णाला संपूर्ण बेशुद्ध करण्याऐवजी केवळ तो हात बधिर करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. शस्त्रक्रिया पार पडते, रुग्ण खाटेवर येतो, आणि नेमका तेथूनच एक वाद सुरू होतो. शेजारशेजारच्या खाटांवरील दोन कामगारांपैकी एकाचा हात रात्री दहालाच ठणकू लागतो, तर दुसऱ्याची बोटे सकाळचा नाश्ता झाला तरी जड असतात. पहिल्याचे नातेवाईक म्हणतात की डॉक्टरने औषध कमी भरले, दुसऱ्याचे म्हणतात की सुईने नस कापली, आणि रुग्णालयातीलही काही जण पहिल्या कामगाराकडे पाहून म्हणतात की तो दारू पितो, म्हणून त्याला भूल चढत नाही, किंवा तो उगाच कांगावा करतो.

हे आरोप एकमेकांविरुद्ध असले तरी त्यांच्या तळाशी समजूत एकच आहे: एका औषधाचा एक डोस दिला की भूल प्रत्येक माणसात सारखेच तास टिकली पाहिजे, आणि टिकली नाही तर कोणीतरी चुकले किंवा कोणीतरी खोटे बोलत आहे. ही समजूत शास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर उतरत नाही, आणि ती केवळ चुकीची नसून अपायकारक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. भुलीचा कालावधी हा औषधाच्या बाटलीत भरलेला गुण नव्हे. औषध, ते सोडण्याची जागा, तेथील रक्तप्रवाह आणि त्या माणसाचा मज्जातंतू या चौघांच्या संयोगातून तो प्रत्येक वेळी नव्याने ठरतो.

मज्जातंतूभोवती औषध सोडून शरीराचा ठरावीक भाग बधिर करण्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी व्हिएन्नात कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी मज्जातंतूंजवळ कोकेन टोचून पाहण्यास सुरुवात केली, आणि १९११ मध्ये हिर्शेल व कुलेनकाम्फ या जर्मन शल्यवैद्यांनी संपूर्ण हाताच्या मज्जातंतूंचे जाळे त्वचेवरून सुई घालून बधिर करण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. कोकेनचे धोके ओळखून नवी औषधे शोधली गेली. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले आणि १९५७ मध्ये बुपिव्हाकेन आले; लिग्नोकेन लवकर चढते व लवकर उतरते, तर बुपिव्हाकेन सावकाश चढते आणि दीर्घकाळ टिकते. या दीर्घ इतिहासात औषधे सुधारली, सुया सुधारल्या, पण कालावधीतील माणसामाणसांतला फरक नाहीसा झाला नाही, कारण त्याचे मूळ औषधाच्या दर्जात नसून त्याच्या कार्यपद्धतीत आहे.

ती कार्यपद्धती अशी. वेदनेचा संदेश मज्जातंतूतून विद्युत्स्पंदाच्या रूपाने जातो आणि हे स्पंद निर्माण होण्यासाठी तंतूच्या पटलातील सोडियम वाहिन्या, म्हणजे सोडियमचे भारित कण आत घेणारी सूक्ष्म दारे, उघडावी लागतात. भुलीचे औषध या दारांना आतल्या बाजूने चिकटून ती बंद ठेवते. मात्र आत पोहोचण्यासाठी त्याला आधी मज्जातंतूभोवतीची आवरणे आणि मग तंतूचे मेदयुक्त पटल ओलांडावे लागते. हे काम औषधाचा विद्युत्भार नसलेला अंशच करू शकतो, आणि तो अंश किती असेल हे ऊतींच्या आम्लतेवर अवलंबून असते. भूल उतरते ती औषध मज्जातंतूत ‘संपते’ म्हणून नव्हे. सभोवतालचे रक्त ते हळूहळू वाहून नेते, मज्जातंतूतील त्याचे प्रमाण एका पातळीखाली घसरते आणि दारे पुन्हा उघडू लागतात. यकृतात औषधाचे विघटन होते ते रक्तात मिसळल्यानंतर. म्हणूनच यकृत दणकट असलेल्या माणसात ब्लॉक लवकर उतरतो, हा तर्क वरकरणी पटण्याजोगा असला तरी येथे गौण ठरतो. निर्णायक असतो तो सुईच्या टोकाजवळचा रक्तप्रवाह. लिग्नोकेनसोबत ॲड्रेनालिन मिसळतात ते याच कारणाने: त्याने त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध अधिक काळ जागेवर राहते. बुपिव्हाकेन मुळातच मज्जातंतूतील मेदात आणि प्रथिनांत घट्ट धरून बसणारे असल्याने त्याच्या बाबतीत ॲड्रेनालिनचा लाभ तुलनेने कमी दिसतो.

आता ‘सारख्या डोस’च्या दाव्याकडे वळता येईल. बुपिव्हाकेनचे अर्धा टक्का तीव्रतेचे द्रावण घेतले तर त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असते, आणि शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे २ मिलिग्रॅम ही त्याची सर्वसाधारणपणे पाळली जाणारी सुरक्षित मर्यादा आहे, कारण यापलीकडे औषध रक्तात गेले तर झटके येऊ शकतात आणि हृदयाचे स्पंदन बिघडू शकते. ६० किलो वजनाच्या ऑपरेटरला या हिशेबाने १२० मिलिग्रॅम, म्हणजे २४ मिलिलिटर द्रावण देता येते. त्याच पाळीतील ४५ किलोच्या हेल्परला ९० मिलिग्रॅम, म्हणजे १८ मिलिलिटर. दोघांच्या केसपेपरवर ‘बुपिव्हाकेन ब्लॉक’ एवढेच लिहिलेले असते, दोघांच्या नातेवाइकांना एकच इंजेक्शन दिल्याचे वाटते, आणि तरीही दोघांच्या मज्जातंतूंभोवती पोहोचलेले औषध वेगवेगळे असते. यात कोणी औषध चोरलेले नाही; कमी वजनाच्या माणसाला विषबाधेपासून वाचवण्यासाठीच त्याला कमी औषध दिलेले आहे. याउलट वजन जास्त म्हणून भूल जास्त तास टिकेल, असेही नाही, कारण वजनाचा हा नियम धोक्याची मर्यादा सांगतो, कालावधीचे वचन देत नाही.

मात्रा अगदी सारखी ठेवली तरी जागेचा प्रश्न उरतोच. हाताकडे जाणारे मज्जातंतू मानेतून निघून गळ्याखालच्या हंसळीच्या हाडामागून आणि काखेतून पुढे जातात. हंसळीच्या हाडाच्या वर अल्ट्रासाउंडचा प्रोब टेकवला की पडद्यावर ठोके देणारी धमनी दिसते आणि तिला लागून द्राक्षाच्या लहानशा घडासारखा गोल काळ्या ठिपक्यांचा पुंजका दिसतो. तेच हे मज्जातंतू. भूलतज्ज्ञ सुईचे टोक त्या पुंजक्याजवळ नेऊन द्रावण थोडे थोडे सोडतो आणि ते कसे पसरते हे पडद्यावर पाहतो. परंतु ऊतींचे पातळ पडदे प्रत्येकाच्या शरीरात वेगळे असतात. एखाद्याच्या शरीरात द्रावण पुंजक्याला सर्व बाजूंनी वेढते, तर एखाद्याच्या शरीरात ते वरच्या बाजूला अधिक साचते आणि खालच्या बाजूचा, करंगळीकडे जाणारा, तंतू कमी भिजतो. अशा रुग्णाचा अंगठा बधिर असतानाच करंगळीकडची बाजू आधी दुखू लागते. एकाच सुईने केलेल्या एकाच ब्लॉकमध्ये एकाच हाताची बोटे वेगवेगळ्या वेळी जागी होत असतील, तर दोन वेगळ्या माणसांचे हात एकाच मिनिटाला जागे व्हावेत ही अपेक्षा कोणत्या आधारावर टिकते?

शिवाय ‘भूल उतरली’ म्हणजे नेमके काय झाले, यावरही वाद घालणाऱ्यांचे एकमत नसते. मज्जातंतूत जाड आणि बारीक असे अनेक प्रकारचे तंतू असतात. हालचाल, स्पर्श, तापमान आणि वेदना यांचे संदेश वेगवेगळ्या तंतूंतून जातात आणि त्यांच्यावरील औषधाचा परिणाम एकाच वेळी ओसरत नाही. डॉक्टर बोटे हलू लागल्याची वेळ लिहितो, परिचारिका पहिले वेदनाशामक मागितल्याची वेळ नोंदवते, आणि रुग्णाच्या मते मुंग्या सुरू झाल्या तेव्हाच भूल उतरलेली असते. या तीन वेळांत काही तासांचे अंतर असू शकते. संशोधन निबंधांतील सरासरी आकडे परस्परांशी जुळत नाहीत, त्याचे एक कारण हेच आहे. आणि मुळात सरासरी हा आकडा समूहाचे वर्णन करतो, खाटेवरच्या एका माणसाचे भविष्य सांगत नाही. समजा, एखाद्या ब्लॉकची सरासरी १२ तास असून तिच्याभोवतीचा नेहमीचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, ३ तास आहे. तर साधारण दोन तृतीयांश रुग्णांत तो ९ ते १५ तास टिकेल आणि उरलेल्या एक तृतीयांशांत या कक्षेच्या बाहेर जाईल. नातेवाइकांना मात्र ‘बारा तास’ एवढेच सांगितले जाते, आणि भांडणाचे बीज तेथेच पडते.

रुग्णाच्या शरीराचा वाटाही मोठा आहे. वय वाढते तसे मज्जातंतूतील तंतूंची संख्या आणि संदेशवहनाचा वेग घटतो, त्यामुळे वृद्धांत ब्लॉक अधिक काळ टिकलेला आढळतो. मधुमेहाने मज्जातंतू आधीच दुबळे झाले असतील तर तेच घडते; अशा रुग्णाची बोटे दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत जड राहिली, एवढ्यावरून सुईने नस कापल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. बोटात पू झाला असेल आणि औषध त्याच बोटाच्या मुळाशी टोचले असेल तर सुजलेल्या ऊतींची आम्लता औषधाचा विद्युत्भाररहित अंश घटवते, आणि भूल अपुरी लागते किंवा लवकर उतरते. तोच ब्लॉक दूर, हंसळीच्या हाडापाशी दिला तर ही अडचण येत नाही. द्रावणासोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले तर परिणाम काही तासांनी लांबतो. त्वचा आणि सांधे असामान्य लवचिक असणाऱ्या एहलर्स-डॅन्लॉस या आनुवंशिक विकारात स्थानिक भूल अपुरी पडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. यांपैकी एकही गोष्ट रुग्णाच्या इच्छाशक्तीची किंवा प्रामाणिकपणाची नाही.

‘दारू पिणाऱ्याला भूल चढत नाही’ या समजुतीचा स्वतंत्रपणे समाचार घेणे आवश्यक आहे, कारण तिच्या आधाराने असंख्य श्रमिकांच्या वेदनेवर अविश्वास दाखवला जातो. या समजुतीला एक खरा धागा आहे: दीर्घकाळ नियमित मद्यपान करणाऱ्यांना पूर्ण बेशुद्ध करण्यासाठी मेंदूवर काम करणारी औषधे अधिक लागू शकतात. पण नर्व्ह ब्लॉक मेंदूला झोपवत नाही. तो हाताच्या वाटेवरची सोडियम दारे बंद करतो, आणि मेंदूला मद्याची सवय झाल्याने त्या दारांवर औषध निकामी होते, असे मानण्यास आधार नाही. उलट अतिमद्यपानाने मज्जातंतू विकल झाले असतील तर ब्लॉक लांबण्याचीही शक्यता राहते. प्रत्यक्षात घडते ते असे की रोज पिणाऱ्या माणसाचे मद्य रुग्णालयात अचानक बंद होते, ६ ते २४ तासांत थरथर, घाम, बेचैनी आणि निद्रानाश सुरू होतो, आणि नेमका तोच काळ भूल उतरण्याचा असतो. त्या बेचैनीला ‘भूल चढलीच नाही’ म्हणणे हे निदान नव्हे. मद्य सुटल्याची ही लक्षणे ओळखून त्यांवर वेगळे उपचार करावे लागतात, आणि टोमणा मारून ते होत नाहीत.

याच संदर्भात महाराष्ट्राला जवळचा असा एक विषय येतो, तो विंचूदंशाचा. राज्याच्या ग्रामीण भागात लाल विंचवाचा दंश हा जीवघेणा प्रश्न होता, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ केला आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या विंचवाच्या विषातील काही घटक सोडियम वाहिन्यांवरच काम करतात. ते दारे उघडी राखतात, तर भुलीचे औषध ती बंद करते. पूर्वी विंचू चावलेल्या रुग्णांत पाठीच्या कण्यातील भूल उशिरा किंवा अपुरी लागते, असे निरीक्षण भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशियामध्ये मांडले. ते कण्यातील भुलीबद्दल आहे, हाताच्या ब्लॉकबद्दल नाही, आणि त्याचे कारण म्हणून जे सुचवले गेले ते गृहीतक आहे, सिद्धान्त नव्हे. त्यामुळे त्याचा हवाला देऊन प्रत्येक अपयशाचे खापर विंचवावर फोडणे अशास्त्रीय ठरेल. परंतु खेड्यातून कारखान्यात आलेला कामगार जेव्हा सांगतो की पूर्वी विंचू चावल्यापासून दातांच्या डॉक्टरची भूलही त्याला लागली नाही, तेव्हा ते अंधश्रद्धेत जमा न करता केसपेपरवर लिहून घेणे एवढी अपेक्षा या निरीक्षणाने नक्कीच रास्त ठरवली आहे.

आणखी एक समजूत अशी की ब्लॉक जितका लांबला तितका तो चांगला. चिरडलेल्या हाताबाबत ही धोक्याची आहे. अशा हातात सूज वाढून स्नायूंच्या बंद कप्प्यांतील दाब चढू शकतो, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. इजेच्या मानाने अतिरेकी वेदना ही त्याची महत्त्वाची सूचना असते. हात खोलवर बधिर असेल तर ही सूचना दबून जाण्याची भीती असते. म्हणून एखादा भूलतज्ज्ञ अशा रुग्णाला जाणूनबुजून कमी टिकणारे औषध किंवा कमी तीव्रतेचे द्रावण देतो. अशा वेळी लवकर उतरलेली भूल हे निष्काळजीपणाचे चिन्ह नसते, ती त्या हाताची काळजी असते.

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जाऊ शकतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. फरक नैसर्गिक आहे असे एकदा मान्य केले की प्रत्येक वाईट ब्लॉकला त्याची ढाल मिळेल, चुकीच्या जागी टोचलेली सुई आणि अर्धवट ज्ञान हे सारे ‘प्रत्येकाची प्रकृती वेगळी’ या एका वाक्याखाली झाकले जाईल, असा हा आक्षेप आहे. त्याचे उत्तर असे की फरकाला कक्षा असते आणि कक्षेमुळेच चूक ओळखता येते. शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक मज्जातंतूचे क्षेत्र गार स्पर्शाने किंवा टोचणीने तपासले असता जे क्षेत्र बधिर झालेलेच नाही, तेथे ब्लॉक ‘लवकर उतरला’ नसून लागलाच नव्हता, आणि ती बाब शस्त्रक्रियेआधी लक्षात येऊन दुरुस्त व्हायला हवी. आधी पूर्ण लागलेला ब्लॉक सहाव्या तासाला उतरणे वेगळे. तसेच एक-दोन दिवस उलटूनही बधिरता किंवा दुबळेपणा राहिला तर ‘होईल बरे’ म्हणून घरी धाडणे अयोग्य आहे. मज्जातंतूची टिकून राहणारी इजा दुर्मीळ, म्हणजे दर १०,००० ब्लॉकमागे साधारण २ ते ४ एवढी असली, तरी ती शोधण्याची जबाबदारी डॉक्टरचीच आहे. न्यायालयीन भूमिकाही याच विवेकाची आहे: जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचाराला अपेक्षित यश न येणे म्हणजेच निष्काळजीपणा नव्हे हे स्पष्ट केले, तर समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये रुग्णाला उपचाराची पुरेशी माहिती देऊनच संमती घेतली पाहिजे, असे बजावले. पहिला निर्णय डॉक्टरला संरक्षण देतो, दुसरा त्याच्यावर कर्तव्य टाकतो, आणि भुलीच्या कालावधीबाबत दोन्ही एकत्रच वाचले पाहिजेत.

ते कर्तव्य व्यवहारात कसे पाळायचे, हे एका साध्या हिशेबाने दिसते. दुपारी चारला बुपिव्हाकेनचा ब्लॉक दिला आणि तो ८ ते १८ तास टिकण्याची शक्यता धरली, तर भूल मध्यरात्री बारा ते सकाळी दहा यांदरम्यान कधीही उतरू शकते. सरासरीवर विसंबून पहाटे पाचला गोळी द्यायचे ठरवले तर मध्यरात्री जागा झालेला कामगार पाच तास तळमळत राहील, कारण ब्लॉक ओसरताना वेदना पायरीपायरीने न येता एकदम उसळते. योजना नेहमी कमीत कमी कालावधीवर आखली पाहिजे: पहिले वेदनाशामक रात्री दहा-अकराला, हात बधिर असतानाच, आणि पुढची मात्रा दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे. दुसरीकडे, हाताचे रक्षण जास्तीत जास्त कालावधीवर आखले पाहिजे: संवेदना पूर्ण परत येईपर्यंत हात झोळीत राहील, गरम चहाचा पेला किंवा शेकाची पिशवी त्या हाताजवळ जाणार नाही, आणि झोपेत तो अंगाखाली दबणार नाही.

म्हणून ‘बारा तास टिकेल’ हे वाक्य रुग्णालयांच्या बोलण्यातून हद्दपार व्हावे आणि त्याची जागा कक्षेने घ्यावी: कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, आणि त्यापलीकडे गेल्यास या क्रमांकावर कळवा. हे मराठीत आणि कामगारांपैकी अनेकांची भाषा असलेल्या हिंदीत एका कागदावर छापून संमतीपत्रासोबत द्यावे. राज्यातील संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळ येथे आहे. ब्लॉक देण्याचे कौशल्य जसे परीक्षेत तपासले जाते तसेच त्याच्या अनिश्चिततेविषयी रुग्णाशी बोलण्याचे कौशल्यही तपासले जावे, ही मागणी त्या विद्यापीठाकडे करणे सर्वथा योग्य आहे. नातेवाइकांनी औषध किती भरले हे विचारण्याआधी ब्लॉक तपासला होता का आणि रात्रीची गोळी किती वाजता आहे, हे विचारावे. आणि ज्याची बोटे डायखाली गेली त्या माणसाने रात्री दहाला ‘दुखतंय’ म्हटले, तर त्याच्या सवयींची चौकशी न करता आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा, कारण त्याचा मज्जातंतू कधी जागा झाला याची माहिती त्या क्षणी त्याच्याइतकी दुसऱ्या कोणालाही नसते.